मांड

लोणी काळभोरच्या अलीकडे सोलापूर रस्ता सोडून नदीच्या अंगाला वळलं की आधी ऊस लागतो, मग एक बंद पडलेली वीटभट्टी आणि तिच्या पुढे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. कुंपणाला फाटक नाही, दोन बांबू आडवे टाकलेले आहेत. डावीकडचा बांबू उचलून आत पागेत शिरायचं आणि तो पुन्हा जागेवर ठेवायचा. मागच्या पंचवीस वर्षांत तो बांबू परत ठेवायला विसरलेलं एकही पोर मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी दफेदार सांगायचे, "शाळेत दप्तर इसरलीस तरी चालंल. ह्यो बांबू इसरायचा न्हाई. बाहेर मोटारी हायेत."

त्यांना सगळे त्यांच्या लष्करी हुद्द्यावरून दफेदारच म्हणत. आम्ही मुलं दफेदारकाका म्हणायचो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात, दिवाळी होऊन पंधरवडा लोटला असेल, ते गेले. वय ७१. ते सांगत, "रिसाला आन् मी एकाच सालचे." रिसाला म्हणजे ६१ कॅव्हलरी. १९५३ साली ग्वाल्हेर, जयपूर, म्हैसूर, पतियाळा अशा जुन्या संस्थानांची उरलीसुरली घोडदळं एकत्र करून लष्कराने ती उभी केली. आजही ती घोड्यांवरच आहे. तिच्यात राजपूत, कायमखानी आणि मराठे असे तिन्ही जवान असतात, म्हणूनच साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक मुलगा जयपूरला पोहोचला आणि हयातीतली चोवीस वर्षं त्याने तिथे घोड्यांत काढली.

तो पोहोचला त्यामागे दुष्काळ होता. १९७२ ला माणदेशात ज्वारीचं कणीस दिसलं नाही. एकोणीस वर्षांचे दफेदार दुष्काळी कामावर खडी फोडत होते. आज ह्या गावच्या रस्त्यावर, पुढच्या महिन्यात त्या गावच्या. मजुरी, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. पुढच्या वर्षी भरती निघाली आणि ते गेले. खडी फोडून मनगट तयार झालं होतं, त्यामुळे छातीच्या मापापेक्षा आपले हात बघूनच साहेबाने घेतलं असावं, असं ते म्हणत. घोडा त्यांनी तोवर फक्त दोन ठिकाणी पाहिला होता, लग्नाच्या वरातीत आणि शिखर शिंगणापूरच्या यात्रेत.

हे सगळं मला पुष्कळ उशिरा कळलं. २००० च्या जूनमध्ये, अकरा वर्षांची असताना, वडिलांच्या स्कूटरवरून मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पत्र्याच्या शेडखाली चार घोडी उभी होती आणि एक काटक माणूस त्यातल्या एकीचा खूर आपल्या मांडीवर घेऊन कोरत बसला होता. वडील म्हणाले, "हिला घोड्यावर बसायला शिकायचंय." दफेदारांनी मान वर केली नाही. म्हणाले, "बसायचं नंतर. आधी उभं ऱ्हायला शिकंल."

आणि खरोखर पहिले दोन महिने मी घोड्यावर बसले नाही. लीद काढली. खरारा केला. तोबरे धुतले. लसूणघास निवडला, कारण त्यात बुरशीची एक काडी गेली तरी घोड्याच्या पोटाची खैर नसते. घोड्याजवळ कुठून जायचं ते शिकले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या नेमकं मागचं दिसत नाही. मागून गुपचूप आलेला हात त्याला वाघाचाच वाटतो. म्हणून खांद्याकडून यायचं, बोलत यायचं आणि हात आधी मानेवर ठेवायचा. दफेदार हे समजावून सांगत नसत. ते स्वतः रोज सकाळी प्रत्येक जनावराकडे तसेच जात आणि आम्ही बघत असू. पंचवीस वर्षं ज्या घोडीच्या अंगावरून हात फिरवला तिच्याकडेही ते बोलतच जात.

इथे घोड्यांची नावं सांगायला हवीत. पागेतली बहुतेक घोडी शर्यतीतून निवृत्त झालेली. पुण्याचा रेसकोर्स तिथून काही फार लांब नाही. पावसाळ्यात पुण्याचा हंगाम आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीचा, असं ते वर्ष चालतं. शर्यतीच्या कागदावर त्या घोड्यांची लांबलचक इंग्रजी नावं असत. दफेदारांच्या पागेत आलं की ते नाव जाई आणि माणदेशातल्या गावाचं येई. म्हसवड, पिंगळी, मलवडी, गोंदवले, वरकुटे, कुकुडवाड. "म्हसवडला पाणी दावलं का?" "कुकुडवाडचा उजवा पुढचा बघा, गरम लागतोय." नव्या मुलांना वाटे, ह्या माणसाला गावची फार आठवण येते. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "बाहात्तरला ज्या ज्या गावच्या रस्त्याला खडी फोडली, त्या गावांची नावं हायेत. जिथं खायाला मिळालं ती गावं." आपल्या स्वतःच्या गावाचं नाव त्यांनी एकाही घोड्याला दिलं नाही.

शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा झाला की पळवायला लागतात. आपल्याकडची डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. पाच-सहा-सात वर्षांचा होईतो बहुतेकांची कारकीर्द आटोपते. आणि नीट सांभाळला तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे वीस वर्षं उरतात. चांगल्या वंशाचे असतील ते पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात. बाकीच्यांची ती वीस वर्षं कुठे जातात, हा प्रश्न शर्यत बघायला गेलेल्या माणसाच्या डोक्यात येत नाही. काही रायडिंग स्कूलमध्ये जातात, काही हौशी मालकांकडे, काही हात बदलत बदलत वरातीत आणि समुद्राच्या वाळूवर. ज्यांच्या पायाची शीर गेली आहे त्यांना कोणी विचारत नाही. दफेदारांनी सुरुवात केली ती अशाच पाय गेलेल्या घोडीपासून. पेन्शनीचे पैसे, मेव्हण्याची पडीक जमीन खंडाने आणि एक लंगडी घोडी. ती म्हसवड. नऊ महिने तिला नुसतं उभं केलं, नदीच्या पाण्यात चालवलं, आणि ती पुन्हा दुडकी धावू लागली तेव्हा त्यांनी पहिला विद्यार्थी घेतला.

शर्यतीतल्या घोड्याला स्वार घ्यायला शिकवणं हे चिखलातून गाडी काढण्यासारखं जिकिरीचं काम आहे. त्याला लहानपणापासून एकच कळलेलं असतं, लगाम ताणला की तोंड टेकवायचं आणि आणखी जोरात पळायचं. घाबरलेला नवशिका नेमका लगामच ओढतो. माझं हेच झालं. तेरा वर्षांची होते, म्हसवडवर. उसातून डुक्कर निघालं आणि ती दचकली. मी जीव खाऊन लगाम ओढला, ती उधळली, मी आणखी ओढला, ती आणखी पळाली. कुंपणाजवळ मी पडले आणि उजव्या हसळीचं हाड मोडलं. ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरांनी घोड्यांबद्दल आणि मुलींबद्दल दोन्ही बाबतींत वडिलांना बरंच ऐकवलं.

सहा आठवड्यांनी मी परत गेले तेव्हा दफेदार रागावतील अशी भीती होती. त्यांनी विचारलं, "तिनं तुझं ऐकलं का न्हाई?"

मी म्हटलं, "नाही ऐकलं."

"ऐकलं. तू तिला पळ म्हणालीस, ती पळाली. तू काय बोलतीस ते तुला ठावं न्हवतं, येवढंच."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मी नंतर शिकवायला लागल्यावर प्रत्येक मुलाबरोबर केली आहे. त्यांनी एक जुना लगाम आणला आणि त्याची लोखंडी कडी माझ्या दोन्ही मुठींत दिली. म्हणाले, "आता तू घोडी. डोळं मीट." लगामाचं दुसरं टोक त्यांच्याकडे. पहिल्यांदा त्यांनी ओढलं तेव्हा माझे हात आपोआप मागे खेचले गेले, मी विरोध केला. मग त्यांनी सोडलं. मग नुसती करंगळी हलवली असावी. चामड्यातून काहीतरी आलं, फार थोडं, पाण्यात कोणी बोट बुडवावं तितकं. "आलं?" "आलं." "कुठनं?" मी म्हटलं, "डावीकडून." "आता उजवं." उजवं आलं. असं अर्धा तास चाललं. शेवटी ते काहीच करत नाहीत असं वाटलं आणि मी म्हटलं, "आता काही नाही." ते म्हणाले, "आता मी श्वास सोडला. त्योबी कळला पाहिजे. तिला कळतो."

डोळे मिटून हातात धरलेली ती गार, किंचित गंजलेली कडी मला आजही आठवते. घोड्याच्या जिभेवर आणि हिरडीवर ती असते. पुढच्या आणि मागच्या दातांच्या मधे दातच नसतात तिथे, नुसती कोवळी हिरडी, तिच्यावर. त्या दिवसापासून माझा हात बदलला.

मराठीत घोड्यावर नीट बसण्याला मांड म्हणतात. मांड ठोकणे, मांड पक्की असणे. शब्द मांडीवरून आला असला तरी दफेदारांच्या शिकवण्यात मांडीचं काम शेवटी शेवटी कमी होत गेलं, आणि ह्याची एक कहाणी आहे. पहिली दहा-बारा वर्षं ते रिसाल्यातल्या जुन्या रीतीने शिकवत. गुडघा आणि खोगीर यांच्यामध्ये रुपयाचं नाणं ठेवायचं आणि दुडकी चालीने चार फेऱ्या मारून ते पडू द्यायचं नाही. आम्ही मांड्या इतक्या आवळायचो की रात्री जिना चढता येत नसे. मग एका रविवारी, साधारण २०११ ची गोष्ट, त्यांनी आम्हा जुन्या मुलांना एकत्र बोलावलं. ओट्यावर बसले. म्हणाले, "म्या तुमाला चुकीचं शिकीवलं." गुडघा आवळला की माणूस चिमट्यातल्या सुपारीसारखा वर उचलला जातो, पाठ ताठते आणि घोड्याची पाठही ताठते. वजन खाली सोडायला हवं, टाचेत उतरू द्यायला हवं. हे त्यांना एका परदेशी प्रशिक्षकाची चित्रफीत बघून आणि मग सहा महिने स्वतःवर करून बघून पटलं होतं. ५८ वर्षांचा, जवळजवळ चाळीस वर्षं घोड्यावर काढलेला माणूस विशीतल्या पोरांपुढे बसून हे सांगत होता. त्यानंतर त्यांनी आम्हाला सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, फी न घेता. दोरी लावून गोल फिरवणं, रिकीब काढून, हात पसरून. मला वाटतं, त्यांनी आम्हाला जे जे दिलं त्यात ही सकाळ सगळ्यात मोठी.

चाल ओळखायची ती कानांनी. चालताना घोड्याच्या चार टापा सुट्या पडतात. दुडकीत पाय जोडीने पडतात म्हणून दोनच ऐकू येतात. कँटरमध्ये तीन, आणि त्यानंतर एक रिकामा क्षण, जेव्हा चारही पाय जमिनीवर नसतात. दफेदार आम्हाला घोड्याकडे पाठ करून उभं करत आणि विचारत, "कोण हाय आन् काय चाललंय?" वर्षभरात आम्हाला टापांवरून पिंगळी आणि मलवडी वेगवेगळ्या ओळखू यायला लागल्या. तो रिकामा क्षण ते बोटाने हवेत दाखवत. "हितं. हितं तिला काय सांगायचं ते सांग. जमिनीवर असताना तिचं काम चालू असतंय."

दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी ते एक दिवस सुट्टी घेत. लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचं उभं रिंगण होतं, तिथे जायचे. तुकोबांची पालखी लोणीलाच मुक्कामाला येते, त्या दिवशी पागेतून वारकऱ्यांना पाणी आणि पिठलं-भाकरी असे. पण रिंगण बघायला मात्र चांदोबाचा लिंबच. माउलींचा अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतो. दोन घोडे असतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा रिकामा. त्या रिकाम्या घोड्यावर माउली बसतात अशी श्रद्धा, म्हणून त्याच्यावर कोणी बसत नाही. लाखांच्या गर्दीमधल्या त्या अरुंद वाटेवरून तो धावतो आणि माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. दफेदार मला एकदा घेऊन गेले होते. ते माती लावायला वाकले नाहीत, दोन्ही हात जोडून उभेच राहिले. परतताना एस.टी.त बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बघितलंस? तोंडाला कुणी वढत न्हाई, पाठीवर कुणी आपटत न्हाई. कसा पळाला. आपन वर बसून येवढं जरी बिघडू दिलं न्हाई तरी लई झालं."

आता पिंगळीची रात्र. जुलै २००८. त्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली नव्हती आणि गवत ओलं येत होतं. संध्याकाळी सातला पिंगळीने चंदी सोडली. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली. पोटशूळ. माणसाला पोटात दुखलं तर उलटी होऊन सुटका तरी होते, पण घोड्याला उलटी होत नाही, त्याची रचनाच तशी नाही. जे आत गेलं ते आतड्याच्या पन्नासेक हात लांबीच्या वळणांतून पुढेच गेलं पाहिजे. वायू अडकला, आतडं पिळवटलं, तर काही तासांत साडेचारशे किलोंचं धडधाकट जनावर संपतं.

डॉक्टरांना हडपसरहून यायला दीड तास लागला. तोवर दफेदारांनी तिला चालवत ठेवलं. लोळू द्यायचं नव्हतं. मी, घोडी सांभाळणारा मोतद्दार आणि दफेदारांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, कंदील घेऊन आळीपाळीने बरोबर. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि सांगितलं, आता वाट बघायची. मग सुरू झालं ते. पंधरा मिनिटं चालवायचं, थांबवायचं, आणि दफेदार तिच्या कुशीला कान लावायचे. डावी बाजू, उजवी बाजू. भरल्या पावसात, अंगावर पोतं घेतलेला तो माणूस डोळे मिटून घोडीच्या पोटाला कान लावून उभा आहे, आणि आम्ही श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघतो आहोत. निरोगी घोड्याचं पोट सारखं बोलत असतं, गुडगुडतं. पिंगळीचं गप्प होतं. दहा वाजता गप्प. बारा वाजता गप्प. दोन वाजता त्यांनी डोळे उघडले आणि मला हाताने बोलावलं. "ऐक." मी कान लावला. ओल्या केसांचा उबट वास, आणि आत खूप खोलवर, विहिरीत खडा पडावा तसा एकच आवाज. "बोललं?" मी मान हलवली. त्यांना अश्रू आवरले नाहीत, आणि लपवलेही नाहीत.

पहाटे चारला पिंगळीने लीद टाकली. माझ्या आयुष्यात कशाला एवढा आनंद झाला असेल तर तो त्या लिदीला. काकूंनी त्या वेळी सगळ्यांसाठी आलं घातलेला चहा केला आणि रात्रीच्या भाकऱ्या दुधात कुस्करून दिल्या. दुसऱ्या दिवशी माझी महाविद्यालयातली तोंडी परीक्षा होती, ती बुडाली.

पागेतल्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदांना मी ह्या लेखासाठी मुद्दाम भेटायला गेले. ते आता सत्तरीत आहेत, नाल ठोकायचं काम मुलगा करतो. खूर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा ठोकायचा. खिळा चुकून जिवंत भागात गेला की घोडा लंगडला. ते सांगत होते की बाकी ठिकाणी त्यांना कामापुरतं बोलावतात, दफेदार मात्र प्रत्येक वेळी शेजारी बसून पाय धरत. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, सभासदाच्या बखरीत त्याची नोंद आहे. हे कुणीतरी दफेदारांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून ते नालबंदांची ओळख करून देताना म्हणत, "महाराजांच्या रिसाल्यात ह्यांचं नाव यादीत हुतं. माझंबी न्हवतं." नालबंद हे सांगताना थांबले. "मला असं कुणी म्हनलं न्हाई कधी," ते म्हणाले.

एका मुलाबद्दल त्याच्या आईच्या परवानगीने लिहिते. सहा वर्षांचा असताना तो पागेत आला तेव्हा सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला आधाराशिवाय बसता येत नव्हतं. दफेदारांना उपचारांतलं काही ठाऊक नव्हतं आणि तसं त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं. म्हणून तिने मुलाच्या फिजिओथेरपिस्टलाच बरोबर आणलं. चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाची कंबर जशी मागे-पुढे, वर-खाली आणि आडवी हलते, ते माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बरंच जुळतं. ज्याने कधी पाऊल टाकलेलं नाही त्याच्या अंगाला चालणं कसं असतं ते घोडा दाखवतो. ह्यासाठी गोंदवलेची निवड झाली, कारण ती सगळ्यात संथ आणि सगळ्यात रुंद. एकाने पुढे धरायचं, दोघांनी दोन बाजूंनी, आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. सात महिन्यांनी तो मुलगा एकटा ताठ बसला. आई सांगत होती, "तो चालायला लागला नाही. चमत्कार झाला असं लिहू नका. पण तो जेवताना ताठ बसायला लागला, आणि पहिल्यांदा तो माझ्याकडे वरून खाली बघत होता." डेन्मार्कची लिस हार्टेल पोलिओने गुडघ्याखाली अधू झाली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने ड्रेसाजचं रौप्यपदक मिळवलं. हे मी दफेदारांना सांगितलं तेव्हा त्यांनी घोडीचं नाव विचारलं.

स्वतः दफेदारांकडे पदक नव्हतं. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीरसिंगांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, संघालाही सुवर्ण मिळालं, नेजाबाजीत रुपिंदरसिंग ब्रार पहिले आले. त्या वेळी दफेदार घोडे सांभाळणाऱ्या तुकडीत होते. त्या दिवसांबद्दल विचारलं की ते घोड्यांच्या पाण्याबद्दल सांगत. दिल्लीचं पाणी काही घोड्यांना रुचेना, मग त्यात थोडा गूळ कसा घातला, वगैरे. त्यानंतर आशियाई खेळांत भारताला घोडेस्वारीत सुवर्ण मिळायला ४१ वर्षं लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोला सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ड्रेसाज जिंकलं. पागेतल्या ओट्यावर माझ्या फोनवर आम्ही ते पाहिलं. तोवर त्यांचं डायलिसिस सुरू झालं होतं. चष्मा कपाळावर ढकलून, फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी चारही फेऱ्या दोनदा पाहिल्या. "मानूस काय करतंय ते दिसतच न्हाई," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

शेवटचे दोन महिने त्यांनी खाट शेडसमोर आणून घेतली होती. पहाटे पाचला चंदीची वेळ. मोतद्दाराने पत्र्याच्या डब्यात भरडा ओतला की नऊ घोडी एकदम फुरफुरत, दारांवर खूर आपटत. तो गोंधळ ऐकून ते झोपी जात. रात्रभर झोप नसायची.

ते गेले त्या दिवसाबद्दल आता आमच्यात एक गोष्ट पसरली आहे, की गोंदवलेने तीन दिवस चंदीला तोंड लावलं नाही. मी मोतद्दाराला विचारलं. तो म्हणाला, नाही ताई, सगळ्यांनी सगळं खाल्लं, पाणीही रोजच्याइतकंच प्यायली. वहीत तशी नोंद आहे. मला हेच खरं हवं होतं. त्या माणसाने जन्मभर एवढंच पाहिलं की घोडी वेळेवर खातात का. त्या सकाळीही, पाचला, कुणीतरी डबा ओतला होता.

तो कुणीतरी कोण असावा, हा मात्र प्रश्न होता आणि आहे. नऊ घोडी, त्यातल्या चार विशीच्या पुढच्या, ज्यांच्यावर कुणी बसू शकत नाही. एका घोडीला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी, आठ-दहा किलो वैरण, वर चंदी. दर सहा आठवड्यांनी नाल. खंडाच्या जमिनीवर रस्त्याच्या बाजूने इमारती येत चालल्या आहेत. घोडी घेऊन जायला माणसं पंधराव्या दिवशीच आली होती. एकाने चांगला भाव सांगितला, पण फक्त तरुण पाच घोड्यांचा. काकूंनी त्याला चहा दिला आणि बांबू परत ठेवायला सांगितला.

दफेदारांकडे शिकलेले आम्ही सोळा जण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसलो. एक पशुवैद्य झाला आहे, एक पोलिसात आहे, दोघी बँकेत, एक जण आता ट्रक चालवतो. कुणी भाषण केलं नाही. वहीवर वारांचे रकाने आखले. सोमवारची पहाट ट्रकवाल्याने घेतली, कारण त्याची गाडी मंगळवारी निघते. पैशांचा रकाना वेगळा. म्हातारी चार घोडी मरेपर्यंत इथेच राहतील, ही पहिली ओळ काकूंनी सांगितली आणि पोलिसातल्या मुलाने लिहिली. वर्ष होत आलं. मार्चमध्ये मलवडी गेली, एकोणतिसाव्या वर्षी, झोपेत. दोनदा पैसे कमी पडले. एकदा पशुवैद्याने स्वतःचं बिल फाडून टाकलं. रविवारी बावीस मुलं शिकायला येतात. त्यांना मी पहिले दोन महिने घोड्यावर बसवत नाही, आणि दर महिन्याला एखादे पालक चिडून मूल घेऊन जातात.

ह्या दसऱ्याला घोड्यांना माळा घातल्या. दफेदार असताना पूजा झाल्याझाल्या घोडी एकमेकींच्या गळ्यातले झेंडू खात, तसे यंदाही खाल्ले. त्याच दिवशी दुपारी रेसकोर्सवरच्या एका ओळखीच्या सईसाने फोन करून सांगितलेली घोडी टेम्पोतून उतरली. सहा वर्षांची, कुमैत, डाव्या पुढच्या पायाची शीर सुजलेली. टेम्पोच्या फळीवरून उतरताना ती थरथरत होती. मी खांद्याकडून बोलत बोलत गेले आणि हात मानेवर ठेवला. तिचं कातडं हाताखाली एकदा उडालं, मग थांबलं.

नाव काय ठेवायचं यावर अर्धा तास चर्चा झाली. माण तालुक्यातली उरलेली गावं कुणीतरी फोनवर वाचली. बिदाल, आंधळी, देवापूर. मग बँकेतल्या एकीने विचारलं, "पण तिथे आपण कुठे खडी फोडलीये?" सगळे गप्प झाले. काकू चुलीजवळ भाकरी थापत होत्या. तिथूनच, मागे न बघता, त्या म्हणाल्या, "तुमाला सगळ्यांना खायाला कुठं मिळालं?"

तिचं नाव लोणी ठेवलं आहे. पायाला रोज नदीच्या पाण्यात वीस मिनिटं. अजून चंदी पुरी खात नाही, पण कालपासून हाक मारली की कान वळवते.